काळा आणि तांबडी

मला कुत्री कधीच आवडली नाहीत. माहेरी नागपूरला अंगणात कुत्रं शिरलं की आई आधी बादली उचलायची आणि मग विचार करायची, आणि मी तिचीच मुलगी. त्यामुळे मुलगा एम. पी. नगरला कोचिंगला म्हणून गेला आणि जर्किनच्या आत काळं पिल्लू घेऊन आला, तेव्हा मी त्याला दारातच उभं केलं. "आई, फक्त आजच्या दिवस," तो म्हणाला. कोचिंगमधल्या कुणा मित्राकडे पिल्लं झाली होती. बाकीची गेली होती, हे बारकं म्हणून उरलं होतं. मी म्हटलं, आजच्या दिवस म्हणजे आजच्याच दिवस, आणि स्वयंपाकघरात जाऊन दूध कोमट करायला ठेवलं.

ते पिल्लू पिटबुल आहे हे मुलाला माहीत होतं, त्याने आम्हाला सांगितलं नाही. आम्हाला ते गुरांच्या डॉक्टरने सांगितलं, आणि तोवर ते माझ्या पायावर डोकं ठेवून झोपायला शिकलेलं होतं. मुलाने त्याचं काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं होतं. माझ्या तोंडात ते बसेना, म्हणून मी त्याला काळा म्हणायचे, आणि तो मुलाने ठेवलेल्या नावापेक्षा माझ्या हाकेला लवकर यायचा. अंगावर एक केस पांढरा नव्हता त्याच्या. छाती रुंद, डोकं हे एवढं, आणि आवाज असा की पोस्टमन फाटकापासून चार हात लांबूनच हाक मारायचा. प्रत्यक्षात तो कुकरच्या शिट्टीला घाबरायचा. पहिली शिट्टी झाली की पलंगाखाली.

आम्ही हिंदी मुलखात, बरखेड्यात कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. नवरा कारखान्यात इंजिनियर. टाउनशिप तेव्हा रिकामी होत चालली होती. माणसं निवृत्त होत होती, भरती पूर्वीसारखी राहिली नव्हती, त्यामुळे ओळीतलं एक घर उघडं तर दुसऱ्याला कुलूप. कुलूपवाल्या घरांच्या आवारात कुत्री. काही जन्माने भटकी, काही मागे सोडलेली. सामान ट्रकमध्ये चढवताना माणसं फ्रिज नेतात, कपाट नेतात, तुळशीची कुंडीसुद्धा नेतात, आणि दाराशी वर्षानुवर्षं जेवलेल्या कुत्र्याला 'हे इथलंच आहे, इथेच राहील' म्हणून ठेवून जातात. ट्रक गेल्यावर ती कुत्री काही दिवस बंद दारासमोर बसून राहायची. मग उठून दुसऱ्या कुणाच्या दारासमोर जाऊन बसायची. मला कुत्री आवडत नसली तरी हे बघवायचं नाही.

तांबडी त्यातलीच, पण तिची गोष्ट थोडी वेगळी. तिला समोरच्या क्वार्टरमधल्या भाभींनी वाढवलं होतं. म्हणजे घरात घेतलं नव्हतं, पण दोन वेळचं त्या स्वतःच्या हाताने भरवायच्या. भाभी आजारात गेल्या, घर दिवसभर बंद राहायला लागलं, आणि तांबडी आमच्या फाटकासमोरच्या नालीवर जी छोटी पुलिया आहे तिच्याखाली येऊन राहिली. आमच्या काळ्याशी तिचं फाटकाच्या गजांतून नाकाला नाक लावण्यापुरतं सख्य होतं. माझ्याशी तेवढंही नाही. मी पोळी टाकली की ती मी आत जाईपर्यंत थांबायची, मग खायची.

आता समोरचे भाईसाहब. ते नवऱ्याच्याच कारखान्यात, पण वरच्या हुद्द्यावर. मोजमापात केसाएवढा फरक दिसला तरी काम परत पाठवणारे म्हणून त्यांचा दरारा होता. भाभी गेल्या, आणि त्यातच मुलीचं लग्न ठरता ठरता मोडलं, पुन्हा ठरलं, पुन्हा मोडलं. कुणी पंडितजींनी शनी सांगितला. उपाय असा की दर शनिवारी पूर्ण काळ्या कुत्र्याला मोहरीचं तेल लावलेली रोटी खिलवायची, नोकराकडून नाही, स्वतःच्या हाताने. आमच्या सेक्टरमधली झाडून सगळी कुत्री तांबूस, करडी नाहीतर ठिपक्यांची. निखळ काळा एकच होता, आणि तो पिटबुल होता.

पहिल्या शनिवारी ते स्टीलचा डबा घेऊन फाटकाशी आले तेव्हा गजांपासून हातभर लांबच थांबले. मी काळ्याला 'बस' म्हटलं. तो बसला, गजांमधून जीभ काढून रोटी अलगद घेतली आणि त्यांची बोटं चाटून साफ केली. त्यांनी सुटकेचा असा निःश्वास टाकला की मुलीचं लग्न तिथेच ठरलं असावं. ही बातमी ओळीत पसरायला वेळ लागला नाही. ज्या बायका शुक्रवारपर्यंत आमच्या फाटकावरून जाताना मुलांना रस्त्याच्या पलीकडे घेत होत्या, त्याच शनिवारी सकाळी पहिल्या शिफ्टचा भोंगा झाल्यावर डबे घेऊन हजर. कुणाची बढती अडलेली, कुणाच्या मुलाची परीक्षा. सेक्टरभरच्या साडेसातीचा भार माझ्या कुत्र्याच्या पोटावर, आणि रविवारी त्याला जुलाब झाले की अंगण धुणारी मी. "थोडं तेल कमी लावा हो," मी म्हणायचे. "भाभीजी, शनि महाराज का मामला है," असं मला ऐकवलं जायचं.

मग मुलाला पुण्यात नोकरी लागली. नेण्यासारखं सगळं त्याने नेलं, काळ्याला नेता आलं नाही, कारण चौघांत एक फ्लॅट होता. "आई, सांभाळशील ना?" तो स्टेशनवर म्हणाला. आयुष्यात त्याने माझ्याकडे दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही. रोज संध्याकाळी तो फोन करायचा, आणि 'आई कशी आहेस' विचारून झालं की म्हणायचा, आता त्याला दे. मी मोबाइल काळ्याच्या कानाशी धरायची. मुलगा तिकडून काहीतरी लाडाचं बोलायचा आणि काळा मान वाकडी करून माझ्याकडे बघायचा, मीच बोलतेय की काय म्हणून. दिवसभर घरात आम्ही दोघंच. मी त्याच्याशी मराठीत बोलायची, भांडायचीसुद्धा. कुत्री मला आवडत नव्हती. हा आवडायचा, आणि फार आवडायचा.

त्या हिवाळ्यात तांबडी पुलियाखाली व्याली आणि महिन्याभरात पिल्लं बाहेर यायला लागली. एक शनिवार होता. मी ओट्यापाशी उभी होते, आणि आमच्या ओट्यावरच्या खिडकीतून फाटक समोर दिसतं. भाईसाहब आले, काळा बसला, सगळं नेहमीसारखं चाललं होतं. रोटीचा एक तुकडा गजाला लागून बाहेर पडला. तांबडीचं एक पिल्लू धडपडत त्याच्याकडे आलं. तो तुकडा काळ्याचाच असायला हवा होता, उपाय बिघडता कामा नये, म्हणून भाईसाहेबांनी वाकून पिल्लाला मानेला धरून बाजूला केलं. पिल्लू ओरडलं. तांबडी पुलियाखालून आली आणि तिने त्यांच्या हाताला कडकडून चावा घेतला, अंगठ्याच्या मुळाशी. मग सोडलं, पिल्लू तोंडात धरलं आणि आत गेली.

हे सगळं माझी कढई गॅसवरून उतरवून होईपर्यंत घडलं. आरडाओरडा केला तो काळ्याने. तो फाटकावर असा आदळत होता की बिजागऱ्या वाजत होत्या. त्या आवाजाने माणसं बाहेर आली, आणि त्यांनी काय पाहिलं? हातातून रक्त, हात फाटकाशी, आणि फाटकाच्या आत पिटबुल. मी साबण घेऊन धावले, नळाखाली त्यांचा हात धरला. कुणीतरी विचारलं, "पिटबुल ने काटा?" भाईसाहेबांनी पुलियाकडे पाहिलं. मग फाटकाकडे पाहिलं. आणि म्हणाले, "हाँ."

मी म्हणाले, "अहो, काय बोलताय? तांबडीने चावलं. मी बघितलंय." रागात मराठीच आली तोंडात. मग हिंदीत पुन्हा सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बाकीच्यांनी बघितलं, आणि त्या बघण्यात स्पष्ट होतं की मालकीण दुसरं काय म्हणणार.

दुपारपर्यंत काळ्याचा फोटो सेक्टरच्या ग्रुपवर. फाटकावर आदळताना कुणीतरी काढलेला, तोंड उघडं, दात सगळे बाहेर. खाली एकेकाचं म्हणणं. 'ये नस्ल ही ऐसी है.' 'आज हाथ पकड़ा है, कल बच्चे का गला पकड़ेगा.' लिहिणाऱ्यांत त्याच होत्या ज्यांचे डबे मागच्या शनिवारी माझ्या फाटकाशी होते. मी ग्रुपवर लिहिलं, मी डोळ्यांनी पाहिलं, आमच्या कुत्र्याने चावलेलं नाही. त्यावर कुणी काही लिहिलं नाही. थोड्या वेळाने कुणीतरी सुप्रभातचं चित्र टाकलं, दुपारचे चार वाजले असताना.

संध्याकाळी मी समोर गेले. भाईसाहब पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसले होते. मी बसले नाही. म्हटलं, झूठ क्यों बोला आपने?

त्यांनी खिडकीतून पुलियाकडे पाहिलं. मग म्हणाले, "भाभीजी, आपके वाले का घर है. गेट है, गद्दा है, पूना में बेटा है. यहाँ नहीं तो कहीं और रह लेगा. इसका कौन है? मैं नाम ले लेता तो कल गाड़ी आती, बच्चों समेत उठा ले जाती, जंगल में फेंक आती. मेरी घरवाली आख़िरी दिनों में मुझे नहीं पहचानती थी, पर पूछती थी, उसने खाया?"

"और हमारा बदनाम हो गया, उसका क्या?"

"बदनाम तो वो पहले से है," ते म्हणाले. हे त्यांनी दुष्टपणाने म्हटलं नाही. म्हणूनच मला जास्त संताप आला. मी त्यांच्या दाराची कडी बाहेरून जोरात आपटली आणि घरी आले.

पुढचे कित्येक दिवस ते दवाखान्यात सुया टोचून घ्यायला जात होते. काळ्याच्या सगळ्या लशी झालेल्या आहेत हे त्यांना माहीत होतं, मीच सांगितलं होतं. तरी एकही सुई त्यांनी चुकवली नाही. मी खिडकीतून बघायची आणि मनात म्हणायची, बघा, कुणाच्या चाव्याची भीती आहे ते बघा कुणीतरी. कुणाला बघायचं नव्हतं.

मग टाउनशिपच्या ऑफिसातून बोलावणं आलं. कुत्रा हलवा, नाहीतर क्वार्टर सोडा. नवऱ्याच्या निवृत्तीला वर्षभरच उरलं होतं, आणि असा शेरा घेऊन कुणाला निवृत्त व्हायचं नसतं. नवरा वाईट माणूस नाही. काळ्याला सकाळी फिरवणारा तोच. तो म्हणाला, "तात्पुरतं कुठेतरी ठेवू. कोलार रोडचा आपला फ्लॅट ताब्यात आला की परत आणू." मी मुलाला फोन केला. मला वाटलं, तो तरी भडकेल, म्हणेल नाही द्यायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "आई, तू नक्की पाहिलंस का? म्हणजे सब लोग बोल रहे हैं, अंकल खुद बोल रहे हैं. तेच कशाला खोटं बोलतील?"

ग्रुपवरचं सगळं मी सहन केलं होतं, हे नाही झालं. त्याला त्या भाईसाहेबांनी लहानपणी सायकल शिकवली होती. त्याच्या दृष्टीने ते खोटं बोलणारे नव्हते, आणि आई मायेने आंधळी असू शकत होती. मी म्हटलं, मी पाहिलं. तो म्हणाला, "हो, बरोबर," आणि मला कळलं की त्याला पटलेलं नाही. त्या दिवसापासून तो फोनवर काळ्याशी बोलेनासा झाला. विचारायचा फक्त, कसा आहे. आपणच घरात आणलेल्या जनावराने माणूस फाडला, ही शरम त्याच्या आवाजात बसली होती.

पिटबुल द्यायचा आहे म्हटल्यावर फोन पुष्कळ आले. मला वाटलं होतं कुणी घेणारच नाही. पण फोन करणारे त्याला काय खायला आवडतं हे विचारत नव्हते. विचारत होते, वजन किती, जबडा कसा आहे. एकाने सरळच विचारलं, "लड़ता है क्या? सुना है काटा है किसी को." तो चावल्याचं ऐकून खूश झाला होता. मी फोन आपटला. त्या दिवशी भाईसाहेबांचं 'कहीं और रह लेगा' मला आठवलं, आणि त्यांना आणून तो फोन ऐकवावा असं वाटलं.

शेवटी नवऱ्याच्या एका सहकाऱ्याच्या मेहुण्याचं रायसेनच्या वाटेवर शेत होतं, तिथे ठेवायचं ठरलं. ठेवायचं, द्यायचं नाही, हे मी चारचारदा बजावलं. काळ्याला गाडीत बसायला फार आवडायचं. सगळी वाट त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं. शेतावर आंब्याखाली साखळीला बांधला, पाण्याचं भांडं ठेवलं, त्याची गोधडी घातली. मी वळून पाहिलं नाही असं लिहायला बरं दिसलं असतं, पण मी पाहिलं. तो उभा राहून शेपूट हलवत होता, आता आपल्यालाही हाक मारतील म्हणून.

आम्ही रविवारी जात राहिलो. तो वाळत चालला होता, पण होता. आमच्या अंगावर चढायचा, माझी ओढणी तोंडात धरायचा. मग एका रविवारी गेलो तर आंब्याखाली साखळी पडलेली आणि गोधडी कोपऱ्यात गोळा केलेली. राखणदार म्हणाला, "एक साहब जीप में आए थे, शौकीन आदमी. मालिक से बात करके ले गए." मालकाला फोन लावला. "अरे, अच्छी जगह गया है, आप चिंता मत करो," तो म्हणाला. कोण, कुठला, काही सांगेना. नंतर फोनच उचलेना. नवऱ्याने आजूबाजूच्या ढाब्यांवर, टपऱ्यांवर, मोबाइलमधला फोटो दाखवत विचारलं. चौकीत गेलो, तिथे साहेब हसले. परत येताना नवरा बरखेड्याच्या वळणावरून सरळ पुढे निघून गेला आणि बराच पुढे गेल्यावर त्याच्या लक्षात आलं.

मुलाला मी फोनवर सांगितलं. त्याने ऐकलं, ठेवतो म्हणाला आणि ठेवला. दिवाळीला आला नाही. सुट्टी मिळाली नाही म्हणाला.

त्यानंतर काही आठवड्यांनी महापालिकेची गाडी आमच्या ओळीत आली. कुणाच्या तक्रारीवरून नाही, त्यांचा फेरा होता. पिल्लं तोवर मोठी होऊन पांगली होती. जाळी टाकून त्यांनी तांबडीला उचललं. भाईसाहब बनियनवर बाहेर धावले, गाडीमागे कोपऱ्यापर्यंत गेले, हात जोडत होते. मी फाटकात उभी राहून बघत होते. मी काही केलं नाही, आणि मला काही करायचंही नव्हतं.

थोड्याच दिवसांत तीच गाडी पुन्हा आली. मागचं दार उघडलं आणि माणसाने तांबडीला पुलियाशी खाली सोडलं. पोटावरचे केस काढलेले, एका कानाचं टोक छाटलेलं, बाकी धडधाकट. ती दोनदा अंग झाडून पुलियाखाली बघून आली. मी त्या माणसाला विचारलं, इथेच कशी आणली? तो म्हणाला, "जहाँ से उठाते हैं, वहीं छोड़ना पड़ता है, मैडम. नसबंदी का ऑपरेशन, रेबीज का टीका, फिर वापस. कहीं और छोड़ ही नहीं सकते, नियम है." पिल्लं बारकी असली तर आईला उचलतसुद्धा नाहीत, असंही म्हणाला. रोज बघतो त्यातलंच एक म्हणून त्याने ते सांगितलं आणि गाडी पुढे गेली.

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्यांना नाही, मला नाही, ग्रुपवर शहाणपण लिहिणाऱ्या एकालाही नाही. तिला कुणी कुठे फेकणार नव्हतं. तिचं नाव घेतलं असतं तरी ती इथेच असती.

भाईसाहब समोरून आले होते. त्यांनीही ऐकलं होतं. ते पुलियावर बसले, तांबडी त्यांच्या पायाशी आली आणि ते तिच्या छाटलेल्या कानावरून हात फिरवायला लागले. अंगठ्याच्या मुळाशी वण होता. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आपका वाला कब ला रहे हैं? फ्लैट तो मिल गया होगा."

त्यांना माहीत नव्हतं. आमचं बोलणं बंद होतं, सांगणार कोण? मी सांगितलं. आंब्याखालची साखळी सांगितली, जीपवाला सांगितला, तो आधीचा 'लड़ता है क्या' विचारणारा फोनही सांगितला. एक शब्द गाळला नाही. ते ऐकत असताना त्यांचा चेहरा उतरत गेला, आणि खोटं कशाला बोलू, ते बघून मला बरं वाटलं. इतके महिने मला कशानेच बरं वाटलं नव्हतं.

"मैं क्या करूँ, भाभीजी?" ते म्हणाले. "बताइए, मैं क्या करूँ?"

मी मोबाइल काढला, मुलाचा नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि त्यांच्या हातात दिला. म्हटलं, उसको बताइए किसने काटा था.

मुलगा 'हं आई' म्हणाला. भाईसाहेबांनी फोन तोंडाशी नेला. "बेटा, मैं बोल रहा हूँ. सामने वाला अंकल." मग त्यांनी सांगितलं. आडवळण घेतलं नाही, भाभींचं नाव मध्ये आणलं नाही, पुलियाखालच्या पिल्लांची सबबसुद्धा नाही. तांबडी ने काटा था, तेरे वाले ने नहीं, मैंने झूठ बोला था, तेरी मम्मी सच बोल रही थी. एवढंच. बोलताना त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते.

मी फोन घ्यायला हात पुढे केला, तेवढ्यात मुलगा बोलला. अगदी लहान असताना बोलायचा तसल्या आवाजात त्याने विचारलं, "अंकल, हाथ अब कैसा है?"

भाईसाहेबांनी अंगठ्याच्या वणाकडे पाहिलं आणि फोन माझ्याकडे दिला.